न ठिबकणारी गळती

गेल्या वर्षीं आमच्या चिरंजीवांनीं दिवाणखान्यांत काचेची मोठी मत्स्यपेटी मांडली. खालच्या कपाटांत पाणी गाळण्याची कुंडी आणि कुंडीबाहेर शेजारीं बसविलेला विजेचा पंप, अशी योजना. कुंडींतलें पाणी पंपानें वर जावें व पेटींतून पुन्हां खालीं यावें. बुडवून ठेवावयाचा पंप आपली सारी उष्णता पाण्यासच देतो, म्हणून हा बाहेरचा खटाटोप.

दोन महिने सुरळीत गेले. मग एके सकाळीं पेटींतलें पाणी ताकासारखें पांढुरकें दिसलें. निरखून पाहतों तों मोहरीहून बारीक असे असंख्य बुडबुडे! चार दिवसांत एका सोनेरी माशाच्या परांत हवेचे मणी दिसूं लागले, डोळे बाहेर आले आणि तो गेला. ‘खाणें फार टाकतेस’ म्हणून मी नातीस रागें भरलों. ती कांहीं बोलली नाहीं. पण त्या रात्रीं जेवलीहि नाहीं.

नळकारागिरानें सर्व सांधे चांचपले. सगळे कोरडे! ‘गळती नाहीं, आजोबा,’ असें सांगून तो गेला. येथेंच आमची फसगत झाली. पंपाच्या दोन नळ्यांचे धर्म परस्परविरुद्ध असतात. पाणी फेकणाऱ्या नळींत दाब बाहेरच्या हवेहून अधिक, म्हणून तिच्या फटींतून थेंब बाहेर येतो. पाणी ओढणारी नळी अरुंद असली, किंवा आमच्याप्रमाणें तिच्या तोंडाची जाळी शेवाळानें भरली, कीं आंतला दाब हवेहून कमी होतो. मग पाणी बाहेर न येतां हवाच आंत शिरते. पंपाचें चक्र त्या हवेचें जणूं पीठ करतें. दाबामुळें तिच्यापैकीं कांहीं पाण्यांत प्रमाणाबाहेर विरघळते आणि पुढें माशाच्या रक्तांत बुडबुड्यांच्या रूपानें प्रकट होते. हवेचा दाब सुमारें १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलून धरतो, हें टॉरिचेलीच्या १६४३ सालच्या प्रयोगासह मीं वर्गांत कितीदां तरी शिकविलें असेल. घरांत मात्र आठवलें नाहीं.

अखेर पंप चालूं ठेवून एकेका सांध्यास ओली चिंधी गुंडाळली. तिसऱ्या सांध्यापाशीं बुडबुडे ओसरले. (साबणाचा फेंस लावण्याची शेजाऱ्यांची सूचना मीं मानली नाहीं, तो आंत ओढला गेला असता तर माशांच्या कल्ल्यांस अपाय होता.) पंप बंद करतांच, कुंडींतील पाणी पंपाहून उंच असल्यामुळें, त्याच सांध्यांतून घटकाभरानें एक थेंब डोकावला.

सांधा नवा करतांना ओढणारी नळीच बदलली. ती पंपाच्या तोंडाहून रुंद, आंखूड आणि मध्यें कोठेंहि उंचवटा नसलेली घेतली, कारण उंचवट्याशीं हवा सांचते. प्रवाह कमी करण्याची तोटी फेकणाऱ्या बाजूस नेली. ओढणाऱ्या बाजूची तोटी दुरुस्तीपुरती. एरवीं ती पूर्ण उघडी. नळीचें तोंडहि कुंडींत खोल नेलें, कारण उन्हाळ्यांत पाणी आटलें कीं तोंडावर भोवरा होऊन हवा आंत जाते.

नातीपाशीं मीं आपली चूक कबूल केली. ‘बरं, आजोबा,’ इतकेंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीं कुंडीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची लाल रेघ ओढलेली दिसली.