बाह्यवळण शहराच्या आत

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांस आता कोणी समजावून सांगावयास नको. २० नोव्हेंबर २०२२ रोजी सायंकाळी एका टँकरने येथे सुमारे ४८ वाहनांची मोडतोड केली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच परिसरात टक्कर होऊन आग भडकली आणि अनेकांचे बळी गेले. अशा प्रत्येक प्रसंगानंतर पाहणी होते, फलक लागतात आणि दोष चालकाच्या माथी मारला जातो.

चालक निर्दोष असतो असे आमचे म्हणणे नाही. चार पैशांचे डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतार उतरणारा मनुष्य दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो. इंजिनाचा अटकाव गेला की सारा भार ब्रेकवर येतो. ते तापतात आणि ऐन वेळी दगा देतात. परंतु असे चालक देशातील प्रत्येक घाटात आहेत. मग नवले पूलच वारंवार का?

मुंबईहून बंगळुरूकडे जाणारी अवजड वाहने शहरात शिरू नयेत, म्हणून देहू रोड ते कात्रज हे बाह्यवळण झाले. असा मार्ग आखताना अभियंता प्रथम विचारतो, वाहन कोठून आले आणि कोठे जाणार? थेट पुढे जाणारी किती व गावात येणारी किती, हे मोजल्यावाचून रस्त्याची जागा व रुंदी ठरत नाही. मग चढउतार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे सपाट प्रदेशात साधारणतः ३० मीटरांस १ मीटर, अडचणीच्या जागी २० मीटरांस १ मीटर. मात्र सौम्य उतारही सलग लांब असला, तर लादलेल्या ट्रकला जड जातो. पायथ्याशी मोकळा रस्ता असेल तर तेही निभावते. आज तेथे सेवारस्त्यांची तोंडे आहेत, दुचाकीस्वार आहेत, बसची वाट पाहणारी माणसे आहेत. हे त्या मूळ प्रश्नात नव्हते.

रस्ता होता तेथेच आहे. शहर त्याच्याकडे चालत आले. वाकड, बाणेर, बावधन, वारजे, नऱ्हे येथील रहिवासी दूध-भाजीसाठी राष्ट्रीय महामार्ग ओलांडतो, यात त्याचा काय अपराध? चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी स्फोटकांनी पाडावा लागला. तो पडताना पाहावयास शहर मध्यरात्री जागे राहिले. दुतर्फा इमारती उठत होत्या तेव्हा मात्र आपण सारे गाढ झोपेत होतो, वर्तमानपत्रेही.

हे टाळण्याचे साधन नव्हते काय? इंग्लंडने रस्त्याकडेची पट्टीवजा वाढ रोखण्यासाठी १९३५ सालीच कायदा केला. आमच्याकडे १९५५ च्या मुंबई महामार्ग अधिनियमात इमारत रेषा व नियंत्रण रेषा ठरविण्याचा अधिकार आहे; राष्ट्रीय महामार्गांसाठी २००२ चा स्वतंत्र कायदा आहे. कागद पुरेसे होते.

आता ११० मीटर रुंदीचा रिंगरोड, म्हणजे बाह्यवळणाचे बाह्यवळण, होऊ घातला आहे. त्याच्या भूसंपादनाची चर्चा पुष्कळ झाली. त्यावर कोठे चढता-उतरता येईल, दोन्ही अंगांस किती अंतरापर्यंत काय बांधता येणार नाही आणि परवानगी नाकारण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची, याचा नकाशा सरकारने वाटेवरील प्रत्येक गावच्या चावडीवर लावावा. तोही पहिला ट्रक धावण्यापूर्वी.