खरीफचे धुके आणि चार चाकांची वाट

अरबस्तानचा बहुतेक भाग वाळवंटाने व्यापलेला असला, तरी ओमानच्या दक्षिण टोकाला असलेल्या धोफार प्रांतात, समुद्र आणि वाळवंट यांच्यामध्ये उभ्या असलेल्या डोंगरांच्या अरुंद पट्ट्यात, दर वर्षी 21 जूनच्या सुमारास सुरू होऊन 21 सप्टेंबरच्या सुमारास संपणारा असा एक ऋतू येतो, की त्या तीन महिन्यांत उतारांवर हिरवे गवत माजते, दऱ्यांतून पाणी वाहू लागते आणि धुके इतके दाट होते की हमरस्त्यावरही पुढच्या गाडीचे दिवे अंदाजानेच ओळखावे लागतात. या ऋतूला तेथे ‘खरीफ’ म्हणतात. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ शरद ऋतू असा असून महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा खरीप हंगाम हाही त्याच शब्दाचा वंशज आहे. मराठीतील ‘मोसम’ हा शब्दही अरबीतूनच आलेला असल्याने मोसमी वाऱ्यांचे नाव उच्चारताना मराठी माणूस नकळत अरबी खलाशांचीच परिभाषा वापरत असतो. धोफारचे मुख्य शहर सलालाह आणि कोकणातील रत्नागिरी ही दोन्ही साधारण 17 अंश उत्तर अक्षांशावर, एकाच अरबी समुद्राच्या दोन काठांना वसलेली आहेत आणि दोन्हीकडचा पावसाळा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्याच कृपेचा आहे. मात्र रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सलालाहच्या वाट्याला जेमतेम शंभर मिलिमीटर येतो.

आखातातील इतर शहरांत पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जात असताना सलालाहचे तापमान पंचवीस अंशांच्या आसपास राहते, हे या प्रदेशाचे मुख्य आकर्षण होय. दुबई, अबुधाबी, मस्कत येथून येणाऱ्या हजारो प्रवाशांमध्ये फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांचे ताफे घेऊन निघणाऱ्या हौशी गटांचे प्रमाण लक्षणीय असते. डांबरी किंवा बांधलेला रस्ता सोडून वाळू, दगड, चिखल, ओढ्याचे पात्र अशा नैसर्गिक पृष्ठभागावर गाडी चालवणे, याला ‘ऑफ-रोड ड्रायव्हिंग’ म्हणतात. आखातात हा छंद वाळूच्या टेकड्यांवर वाढला, आणि वाळूत मुरलेला चालक धोफारच्या हिरव्या डोंगरात येतो तेव्हा त्याला अवगत असलेली निम्मी विद्या तेथे उलटी लागू होते, ही या सहलींमधील खरी रंजक बाब आहे.

पाऊस इतका कमी असूनही डोंगर हिरवे कसे होतात, हे कळल्याशिवाय तेथील जमिनीचा स्वभाव कळत नाही. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारे जोरदार वारे धोफारच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतात; पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात समुद्राचे पृष्ठजल वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे येथे किनाऱ्यापासून दूर, लोटले जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी खोलवरचे थंड पाणी वर येते. या थंड पाण्यावरून सरकणारी दमट हवा गार होऊन तिचे बुटके ढग बनतात. नेहमीच्या परिस्थितीत हे ढग वर चढून मोठे झाले असते, परंतु त्यांच्या डोक्यावर वाळवंटातून आलेल्या उष्ण, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी वाढण्याच्या या स्थितीला भूगोलात तापमानाची विपरीतता म्हणतात. झाकणाखाली कोंडलेले ढग समुद्राकडील उतारांना येऊन भिडतात आणि तेथेच रेंगाळतात; तेथे मुसळधार सर क्वचितच कोसळते, पण अंगाला चिकटणारी बारीक भुरभुर आठवडेच्या आठवडे चालू राहते.

या भुरभुरीपेक्षाही महत्त्वाचे काम झाडे करतात. वाऱ्याबरोबर वाहणारे धुक्याचे थेंब पानांवर व फांद्यांवर अडकतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि बुंध्याशी ठिबकतात, त्यामुळे झाडाखालच्या जमिनीला उघड्या जमिनीपेक्षा बरेच जास्त पाणी मिळते. धोफारच्या या मेघवनातील प्रमुख वृक्ष अ‍ॅनोजिसस धोफारिका हा असून सह्याद्री-सातपुड्यात डिंकासाठी परिचित असलेल्या धावड्याचा तो जवळचा भाऊबंद आहे. संशोधकांनी येथे एक अडचणीचा मुद्दा मांडला आहे: उंच झाड जितके धुके पकडते तितके गवत किंवा कोवळे रोप पकडू शकत नाही, त्यामुळे गुरे-उंटांच्या चराईने किंवा अन्य कारणाने एखाद्या उतारावरची झाडे एकदा गेली, की नव्या रोपाला वाढण्यापुरते पाणी मिळणे कठीण होते आणि झाडे नसल्यामुळेच पाणी कमी, पाणी कमी म्हणून झाडे नाहीत, असा फेरा सुरू होतो. दुरून गालिच्यासारखी भासणारी हिरवळ ही प्रत्यक्षात चुनखडीच्या खडकावर पसरलेल्या मातीची व मुळांची साय आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी चालकाचे बरेचसे निर्णय आपोआप सुधारतील.

संयुक्त अरब अमिरातीतून किंवा मस्कतहून निघणाऱ्या ताफ्यांचा रूढ मार्ग आदम, हैमा व थुमरैत या गावांवरून जातो. मस्कत ते सलालाह हे अंतर हजार किलोमीटरच्या आसपास असून त्यातील मोठा भाग सपाट, खडीच्या माळावरून सरळ रेषेत जाणारा आणि म्हणूनच कंटाळवाणा आहे. या पट्ट्यात चालकाला लागणारी डुलकी हा घाटातील वळणांपेक्षा मोठा धोका मानला पाहिजे. अधिक धाडसी गट थुमरैतच्या वायव्येकडील शिसर येथून रुब अल खाली या महावाळवंटाच्या कडेकडेने, अक्षरशः मागील दाराने, धोफारमध्ये उतरतात. 1930-31 मध्ये बर्ट्रम थॉमस यांनी उंटांवरून हे वाळवंट पार केले ते सलालाहहून निघून, आणि विल्फ्रेड थेसिगर यांनीही चाळीसच्या दशकात आपल्या मोहिमेसाठी येथूनच उंट हाकारले. थुमरैतच्या दक्षिणेला वाडी दौका येथे ज्या लोबानाच्या झाडांचे राखीव क्षेत्र आहे, ती झाडे महाराष्ट्रातील साळईच्या कुळातली. युनेस्कोने 2000 साली जागतिक वारसा यादीत घेतलेल्या लोबानभूमीतील चार स्थळांपैकी हे एक होय. ही झाडे धुक्याच्या बाजूला न वाढता डोंगरापलीकडच्या कोरड्या बाजूला वाढतात, त्यामुळे प्रवाशाला लोबान आधी भेटतो आणि हिरवळ नंतर.

थुमरैतहून सलालाहकडे जाणारा सुमारे ऐंशी किलोमीटरचा रस्ता आज गुळगुळीत असला तरी त्याचा इतिहास रक्ताचा आहे. 1965 ते 1975 या काळात धोफारच्या डोंगरात सुलतानाच्या राजवटीविरुद्ध बंड चालू असताना हा रस्ता दीर्घकाळ बंडखोरांच्या माऱ्यात होता आणि डिसेंबर 1973 मध्ये इराणी सैन्याच्या मदतीने तो पुन्हा खुला झाला. त्या युद्धात खरीफ बंडखोरांच्या बाजूने लढत असे. धुक्यात विमानांचा उपयोग होत नसल्याने सुरुवातीच्या वर्षांत सरकारी फौजांना पावसाळ्यापुरते डोंगर सोडून खाली यावे लागे. पर्यटकांना आल्हाददायक वाटणाऱ्या धुक्याची ही दुसरी बाजू तेथील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात अजून असणार.

या रस्त्यावरील डोंगरमाथा ओलांडताना मोजक्या किलोमीटरांत भुरा रंग संपून हिरवा सुरू होतो, आणि गाडीलाही हा बदल लगेच जाणवतो. दर पाच-साडेपाच अंश तापमानाच्या घसरणीमागे टायरमधील दाब सुमारे एक पौंडाने कमी होत असल्याने, वाळवंटातील दुपारी नेमकी भरलेली हवा धुक्यात उतरल्यावर तीन-चार पौंडांनी कमी भरते. वातानुकूलनाने गार झालेल्या काचेवर बाहेरच्या बाजूने दव साचते, आणि चालक आतून काच पुसत बसतो. खरा उपाय वायपर चालवून गारवा कमी करणे हाच असतो. दाट धुक्यात प्रखर दिवे लावणे हीही सहज होणारी चूक आहे, कारण थेंबांवर आदळलेला प्रकाश परत डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून दिवे खाली झुकलेलेच ठेवावेत आणि बंपरजवळचे धुक्याचे दिवे वापरावेत. चालत्या गाडीचे चारही इशारादिवे लुकलुकत ठेवण्याची पद्धत मात्र सोयीची वाटली तरी घातकच, कारण त्यामुळे गाडी वळते आहे की थांबली आहे, हे मागच्याला कळेनासे होते.

धुक्यात ताफा एकत्र ठेवण्यासाठी अनुभवी गट एक जुना, साधा नियम पाळतात: प्रत्येक चालकाने पुढच्या गाडीचा पाठलाग करण्याऐवजी आरशातील मागच्या गाडीची जबाबदारी घ्यायची, आणि वाट फुटते तेथे मागची गाडी दिसेपर्यंत हलायचे नाही. या नियमामुळे बिनतारी संच बंद पडले तरी ताफा तुटत नाही, कारण एक गाडी अडली की थांबण्याचा निरोप आपोआप पुढे सरकत म्होरक्यापर्यंत पोहोचतो. म्होरक्या वाट जाणणारा असावा हे सर्वांनाच पटते. परंतु सर्वांत कसलेला चालक आणि ओढून काढण्याचे साहित्य शेवटच्या गाडीत असावे, हे पटवून द्यावे लागते, कारण मागे राहणे कोणालाच आवडत नाही.

आता वाळूतील विद्या उलटी कशी पडते ते पाहू. वाळूत टायरची हवा नेहमीच्या निम्म्यावर, म्हणजे पंधरा ते अठरा पौंडांपर्यंत, उतरवतात. त्यामुळे टायर चपटा होऊन जमिनीशी त्याचा संपर्क वाढतो व गाडी रुतण्याऐवजी तरंगते, आणि वेग कायम राखणे हे तेथील पहिले सूत्र असते. धोफारच्या उतारांवर चुनखडीवरील चिकणमाती भुरभुरीने भिजून साबणासारखी निसरडी होते, तिच्यात गाडी रुतत नाही तर घसरते, आणि वेग हाच तेथे शत्रू ठरतो. चढ-उताराला गिअरची खालची श्रेणी वापरावी लागते. या श्रेणीत इंजिनाचा जोर वाढून चाके अगदी सावकाश फिरतात, उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक दाबून चाके जाम करण्याची वेळ येत नाही. वळणावर आतले व बाहेरचे चाक वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या यंत्रणेला डिफरन्शिअल म्हणतात. तिचा दोष असा, की एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले तर सगळा जोर त्याच्याकडेच वाया जातो, म्हणून ती कुलूपबंद करून दोन्ही चाके एकत्र फिरवण्याची सोय अशा गाड्यांत असते. अडकलेली गाडी काढायला ताणला जाणारा नायलॉनचा दोर वापरतात. तो गाडीच्या चौकटीवरील पक्क्या कडीलाच बांधावा, ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला कधीही नाही, कारण ताणाखाली तुटलेला गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. बघ्यांनी दोराच्या लांबीपेक्षा अधिक अंतरावर उभे राहावे, हेही त्याच कारणासाठी.

या डोंगरांत वाट चुकण्याची शिक्षा वाळवंटातल्यासारखी संथ नसते. चुनखडीच्या पोटात पाण्याने कोरलेल्या गुहांची छते कोसळून येथे प्रचंड विवरे झाली आहेत. ‘पाखरांची विहीर’ असा अर्थ असलेले तावी अत्तैर हे विवर दोनशे मीटरहून अधिक खोल आहे. पश्चिमेकडे जबल अल कमरचे कडे थेट समुद्रावर तुटतात, तर पूर्वेकडे मिरबातच्या मागे जबल समहानचा कडा हजार मीटरहून उंच उठतो आणि ढगांच्या झाकणाच्याही वर जातो, त्यामुळे तेथे पोहोचलेल्या ताफ्याला स्वच्छ उन्हात उभे राहून पायाखाली ढगांचा समुद्र पाहता येतो. हा कडा 1997 मध्ये घोषित झालेल्या अभयारण्याचा भाग असून अरबी बिबट्याचा तो मोजक्या उरलेल्या आश्रयस्थानांपैकी एक आहे.

डोंगरातल्या जबाली पशुपालकांची ‘शेहरी’ किंवा जिब्बाली ही भाषा अरबीहून वेगळी, आधुनिक दक्षिण अरबी गटातील आहे, आणि त्यांचे गाय, उंट, शेळी यांवर आधारलेले जीवन गवताच्या याच सायीवर अवलंबून असते. खरीफ सुरू झाला की ते उंटांना डोंगरावरून सलालाहच्या मैदानात उतरवतात, कारण रुंद, मऊ तळव्यांचा, वाळूसाठी घडलेला हा प्राणी ओल्या चिकणमातीवर घसरून पाय मोडून घेतो. उंट खाली येतात नेमक्या त्याच आठवड्यांत चारचाकी वर चढतात, यातील विनोद ताफ्यांच्या लक्षात येतोच असे नाही. हिरवळीवर गाड्या घालू नयेत अशी ताकीद ओमानी प्रशासन दर खरीफमध्ये देते आणि दंडही करते. तरीही मळलेली वाट सोडून गवतावर गोल गिरक्या मारण्याचा मोह काहींना आवरत नाही. अडीच टनांची गाडी ओल्या मातीवरून एकदा गेली की मातीतील हवेची छिद्रे दाबली जाऊन पुढचे पाणी मुरण्याऐवजी चाकोरीतून वाहून जाते, आणि जाताना मातीही नेते. कसलेले गट त्यामुळे खरीफमध्ये माथ्यावरील जुन्या, खडी असलेल्या वाटांवरच राहतात, आणि डोंगर धुंडाळण्याचा खरा कार्यक्रम पुढच्या ऋतूसाठी राखून ठेवतात.

त्या पुढच्या ऋतूला ओमानी लोक ‘सर्ब’ म्हणतात. सप्टेंबरच्या अखेरीस वारा पडतो, ढगांचे झाकण विरते, सलालाहच्या नारळी-केळींच्या बागांवर ऊन पडते आणि मैदानात तीन महिने काढलेले उंटांचे कळप रांगेने पुन्हा डोंगराची वाट धरतात. गवत पिवळे पडू लागते, माती वाळते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या उतारांवर उमटलेल्या टायरच्या चाकोऱ्या विटेसारख्या कडक होऊन पुढच्या खरीफपर्यंत तशाच राहतात.