भाग ७ : एक दिवा गेला, तरी राजवाडा उजळतो कसा?



मी म्हैसूरला राहतो. इथल्या राजवाड्यावर दर रविवारी संध्याकाळी सुमारे लाखभर दिवे एकदम लागतात. परवा शेजारच्या मराठी घरातला सातवीतला मुलगा मला म्हणाला, “आजोबा, आमच्या गणपतीच्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ जाते. मग राजवाडा का अंधारत नाही?”

प्रश्न उत्तम आहे. आधी तीन शब्द समजून घेऊ. धबधबा डोळ्यांसमोर आणा. पाणी जितक्या उंचीवरून पडते ते विभवांतर, म्हणजे व्होल्ट. दर सेकंदाला जितके पाणी वाहते ती विद्युतधारा, म्हणजे अँपिअर. वाटेतला अडथळा तो रोध, म्हणजे ओहम. विभवांतराला रोधाने भागले की धारा मिळते. घरातले २३० व्होल्ट आणि इस्त्रीचा रोध ४६ ओहम असेल, तर धारा ५ अँपिअर.

साध्या माळेत दिवे एकामागे एक असतात. ही एकसर जोडणी. वाट एकच, म्हणून एक दिवा तुटला की परिपथ तुटला. समांतर जोडणीत प्रत्येक दिव्याला स्वतंत्र वाट असते. आपली घरे आणि राजवाड्यासारखी रोषणाई याच तत्त्वावर चालते.

पण समांतर जोडणीत एक धोका आहे. प्रत्येक नवे उपकरण मुख्य तारेतली धारा वाढवते, आणि तारेतली उष्णता धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते. धारा दुप्पट, तर उष्णता चौपट!

हाच हिशेब आमच्या भागातल्या इंजिनिअरांना १९०२ साली करावा लागला. कावेरीवरच्या शिवनसमुद्रम येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारे १४७ किलोमीटर वीज न्यायची होती. समजा, ३०,००० वॉट पाठवायचे आहेत आणि तारांचा रोध २ ओहम आहे. ३०० व्होल्टला धारा १०० अँपिअर होते आणि २०,००० वॉट वाटेतच उष्णता होऊन जातात. ३०,००० व्होल्टला धारा फक्त १ अँपिअर, नुकसान २ वॉट! म्हणूनच ती वीज ३० हजार व्होल्टच्या घरात चढवून पाठवली गेली. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळातल्या या योजनेचे इंजिनिअर जोली द लोटबिनिएर हेही लष्करी अधिकारीच होते.

आता माझी चूक सांगतो. तरुण लेफ्टनंट असताना आमच्या बराकीतली वितळतार, म्हणजे फ्यूज, सारखी जायची. थंडीचे दिवस, हीटर बरेच. घाईत मीच जाड तार लावायला सांगितली. फ्यूज जायचा थांबला. त्या रात्री पहाऱ्यावरच्या जवानाला जळका वास आला. भिंतीतली वायर पेटली होती. त्याने मेन स्विच बंद केला, म्हणून सगळे वाचले. वितळतार बारीक असते, कारण धोका आला की सर्वांत आधी तिनेच जायचे असते. मी तो पहारेकरीच हटवला होता.

म्हणून घरी फ्यूज गेला किंवा एमसीबी पडला, तर चिडू नका. मोठ्यांना सांगा आणि कारण शोधा.

आजचा गृहपाठ : एका बोर्डावर किती उपकरणे जोडली आहेत ते मोजा. फक्त पाहायचे, हात लावायचा नाही. उपकरणावर लिहिलेल्या वॉटला २३० ने भागा, बेरीज करा, आणि उत्तर आई-बाबांना दाखवा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!