फजिती स्पर्धकाची, निर्णय निर्मात्यांचा

३ जुलै २००० रोजी ‘स्टार प्लस’ वाहिनीवर अमिताभ बच्चन यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले, आणि तोवर शाळेच्या वर्गात व परीक्षकाच्या लाल शाईत बंदिस्त असलेली ज्ञानाची परीक्षा एकाएकी साऱ्या देशाच्या नजरेसमोर आली. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यापर्यंत घरोघरी रात्रीची जेवणे लवकर आटोपून माणसे टीव्हीपुढे बसू लागली, आणि त्या खुर्चीवरील अपरिचित माणसाचे यश वा फजिती दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात व एस.टी.च्या थांब्यावर घरच्या गोष्टीसारखी बोलली जाऊ लागली. यशाची चर्चा लवकर ओसरते, फजितीची मात्र वर्षानुवर्षे टिकते. म्हणून अशा खेळांच्या इतिहासातील फजित्या व चुकीचे निर्णय यांची एकवार तपासणी करावी आणि त्यांतील कोणता दोष कोणाच्या पदरी पडतो हे पाहावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

या खेळाची घडणच अशी आहे की, शहाण्या माणसालाही तीत मोह पडावा. पहिल्या पर्वात १५ प्रश्न असत. पाचव्या प्रश्नावरील १०,००० आणि दहाव्या प्रश्नावरील ३,२०,००० रुपये हे दोन पडाव. तेथवरची रक्कम पुढे चुकले तरी हातची जात नसे. परंतु चौदा प्रश्न ओलांडून ५० लाखांपर्यंत पोहोचलेला स्पर्धक कोटीच्या प्रश्नावर चुकला, तर तो थेट ३,२०,००० वर येई आणि एका शब्दासरशी ४६,८०,००० रुपये गमावून बसे. उत्तर मुळीच ठाऊक नसता चारांतून एक पर्याय अंदाजाने उचलणे या हिशेबाने उघड नुकसानीचे. पण दोनच पर्याय उरले असता लाभ व हानी यांची पारडी जवळजवळ समान होतात, आणि नेमकी तेथेच माणसाची बुद्धी डळमळते. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे, त्याला हाती आलेली रक्कम जाण्याचे दुःख तेवढीच आणखी मिळण्याच्या आनंदाहून कितीतरी मोठे. तो खेळ सोडून उठला तर आपण त्याला भित्रा म्हणतो, आणि थांबून चुकला तर लोभी म्हणतो. दोन्ही निवाडे आपण घरात निर्धास्त बसून देत असतो.

२००० सालीच हर्षवर्धन नवाथे या मुंबईच्या मराठी तरुणाने एक कोटी रुपये जिंकले, तेव्हा त्याच्या निश्चयी चित्ताचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. उलट २०१९ साली, हनुमंताने संजीवनी कोणासाठी आणली या प्रश्नावर अभिनेत्री सोनाक्षी सिन्हा यांना मदत घ्यावी लागली, तेव्हा त्यांची जी टवाळी झाली ती मूळ विस्मरणाच्या कित्येक पट मोठी होती. प्रखर दिव्यांखाली, मोठ्या जनसमुदायासमोर, सर्वविदित गोष्टही स्मृतीतून निसटते, हा अनुभव तोंडी परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला आहे. परंतु दुसऱ्याच्या बाबतीत तो आठवण्याचे औदार्य आपण क्वचितच दाखवितो.

आमच्या सिंधुदुर्गातील जत्रेच्या दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते, संवाद मात्र नट उभ्याउभ्या रचतो. अशा वेळी एखाद्याचा शब्द अडला, तर समोरचा नट त्याला नवा प्रश्न टाकतो, पेटी आणि मृदंग साथ लांबवितात, आणि अडलेला नट सावरून पुढे जातो. त्याची अब्रू राखणे हे सगळ्या मंडळाचे काम असते. दूरदर्शनच्या खेळाचे चित्रण आगाऊ होते, त्याची काटछाट सावकाशीने करता येते, म्हणजे स्पर्धकाला सावरून घेण्याची सवड तेथे दशावतारापेक्षा अधिक असते. असे असूनही अडखळण्याचा क्षण बहुधा जपून ठेवला जातो, आणि पुष्कळदा जाहिरातीत पुनःपुन्हा दाखविला जातो. चुकणे स्पर्धकाच्या हातून होते, पण त्या चुकीचा तमाशा करावयाचा की नाही, हा निर्णय सर्वस्वी निर्मात्यांचा असतो. या खेळांचा जगभरचा इतिहास चाळता मला असे दिसते की, त्यांतील खरोखर लाजिरवाणे प्रसंग बहुतेक याच बाजूने घडलेले आहेत.

त्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध प्रसंग अमेरिकेतला. १९५६ साली ‘ट्वेंटी वन’ या कार्यक्रमात हर्बर्ट स्टेंपेल हा स्पर्धक सातत्याने जिंकत होता. परंतु निर्मात्यांना चार्ल्स व्हॅन डोरेन हा कोलंबिया विद्यापीठाचा देखणा अध्यापक अधिक लोकप्रिय होईल असे वाटले, आणि स्टेंपेलला हरण्याचे फर्मान सुटले. १९५५ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणाला मिळाला, या प्रश्नाचे ‘मार्टी’ हे उत्तर त्याला पक्के ठाऊक होते, तो चित्रपट त्याचा आवडता होता, आणि तरीही त्याला लाखो प्रेक्षकांसमोर ते चुकवावे लागले. व्हॅन डोरेन यांना उत्तरे आगाऊ पुरविली जात. २ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे त्यांनी तशी कबुली दिली, त्यांची नोकरी गेली, आणि १९६० साली असे संगनमत हा कायद्याने गुन्हा ठरला. ज्याने मुकाट्याने अज्ञानाचे सोंग घेतले तो लोकांच्या दृष्टीने हरला. ज्यांनी ते सोंग रचले त्यांची नावे आज किती जणांना आठवतात?

स्पर्धकांचे हात नेहमीच स्वच्छ असतात, असे माझे म्हणणे नाही. इंग्लंडमध्ये २००१ साली अशाच एका खेळात चार्ल्स इंग्रॅम या लष्करी मेजरने साथीदाराच्या खोकल्याच्या खुणेवरून दहा लाख पौंडांचे बक्षीस मिळविल्याचा आरोप होऊन २००३ साली न्यायालयाने त्यास दोषी ठरविले. परंतु मायकेल लार्सन याचे उदाहरण निराळे. अमेरिकेतील ‘प्रेस युअर लक’ या खेळातील दिव्यांची उघडझाप पाच ठरावीक क्रमांतच होते, हे त्याने घरी बसून हेरले, आणि १९८४ साली १,१०,२३७ डॉलर जिंकले. वाहिनीला अखेर रक्कम द्यावी लागली, कारण नियम कोठेच मोडला नव्हता. आळस यंत्रणा रचणाऱ्यांनी केला होता.

निर्मात्यांचा निष्काळजीपणा आमच्या जिल्ह्याला फार जवळून बोचला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये. ‘कौन बनेगा करोडपती’त औरंगजेबाच्या समकालीन शासकाविषयीच्या प्रश्नात पर्यायांतील इतर राजांना ‘महाराणा’, ‘राणा’, ‘महाराजा’ अशी बिरुदे होती, औरंगजेबालाही ‘मुघल सम्राट’ म्हटले होते, आणि एकट्या छत्रपतींचे नाव नुसते ‘शिवाजी’ असे छापले गेले. ज्या मालवणच्या कुरटे बेटावर महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला, आणि ज्या किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिरात त्यांच्या मूर्तीची पूजा होते, तेथील माणसांना हा प्रकार कसा वाटला असेल हे सांगावयास नको. वाहिनीने ही चूक अनवधानाने झाल्याचे सांगून दिलगिरी व्यक्त केली, ते उचितच झाले. पण प्रश्न पडद्यावर येण्यापूर्वी अनेकांच्या नजरेखालून जातो, म्हणून अनवधान येथे एका व्यक्तीचे राहत नाही.

याहून कठोर निर्णय २००९ सालच्या ‘सच का सामना’ या कार्यक्रमाचा. स्पर्धकाला खोटे पकडणाऱ्या यंत्रावर बसवून घेतलेली उत्तरे, नंतर पत्नी, पती व आईवडील यांच्यादेखत, २१ खाजगी प्रश्नांच्या रूपाने वदवून घ्यावयाची, आणि त्यावर एक कोटींचे आमिष ठेवावयाचे, अशी ती योजना. राज्यसभेत तिच्यावर आक्षेप घेतले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी घालण्यास नकार दिला. तो कायद्याचा निर्णय मला मान्य आहे. परंतु मोडलेल्या संसाराची नुकसानभरपाई कोणत्याही पडावावर ठेवलेली नव्हती, हेही तितकेच खरे.

जिंकल्यानंतरच्या काळाची जबाबदारीही कोणी घेत नाही. बिहारमधील मोतिहारीचे सुशील कुमार यांनी २०११ साली पाच कोटी रुपये जिंकले. पुढे २०२० साली त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिले की, त्या विजयानंतरचा काळ त्यांच्या आयुष्यातील अत्यंत वाईट काळ ठरला. फसवणूक झाली, व्यसने लागली. त्यातून बाहेर पडून त्यांनी वृक्षारोपणाचे काम हाती घेतले, हे त्यांचे मोठेपण. पण एवढ्या मोठ्या रकमेसोबत निदान वर्षभर एखादा जाणकार सल्लागार देण्याची तजवीज वाहिनीला अवघड नव्हती.

मराठी निर्मात्यांपुढे दुसरे उदाहरण घरचेच आहे. २००४ साली, आज ‘झी मराठी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाहिनीवर, आदेश बांदेकर यांनी ‘होम मिनिस्टर’ सुरू केले. त्यातील खेळांत गृहिणी अडखळत, पडत, हसत. पण सूत्रसंचालक ‘भावोजी’ या नात्याने घरात येई, ‘वहिनी’ म्हणून बोले, आणि हरलेलीही मानाने निरोप घेई. २०२२ साली ‘महामिनिस्टर’साठी ११ लाखांची पैठणी ठेवण्याच्या निर्णयावर टीका झाली, आणि तो निर्णय वादाचा होताच, तथापि स्पर्धकाला पाहुणचाराच्या रीतीने वागविण्याचा मूळ दस्तूर त्यानेही मोडला नाही. मराठी प्रश्नमंजूषांनी हाच दस्तूर पत्करावा, प्रश्न इतिहासाच्या जाणकाराकडून तपासून घ्यावेत, अडखळलेल्या स्पर्धकाचे चित्रण जाहिरातीत वापरण्यापूर्वी त्याची लेखी संमती मागावी; आणि प्रेक्षक म्हणून आपण, पुढच्या वेळी पडद्यावर कोणी चुकला, तर त्याच्यावर हसण्याआधी ती चूक आपल्यापुढे कोणी व कशासाठी मांडली, एवढे स्वतःला विचारावे.