शेलला दशांश चिन्ह का कळत नाही?

शहापूरहून भंडारा गाठून पूर्वेकडे निघाले की कारध्याला वैनगंगा ओलांडावी लागते. तेथे नदीची धोक्याची पातळी २४५.५० मीटर मानतात. ऑगस्ट २०२० च्या महापुरानंतर या आकड्याचे महत्त्व जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही.

समजा, अकरावीच्या मुलांनी नदीची पातळी या आकड्याशी ताडून पाहणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिनक्सच्या शेलमध्ये लिहिला. (आपण टाइप केलेल्या आज्ञा वाचून त्या पार पाडणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल, त्याचा रुळलेला प्रकार बॅश.) पातळी जास्त असेल तर ‘धोका’, नाहीतर ‘धोका नाही’ असे छापायचे. २४६.२० हा आकडा दिला. उत्तर आले, ‘धोका नाही’!

बॅशचे अंकगणित पूर्णांकांपुरतेच आहे. दशांश चिन्ह दिसताच तो ‘पूर्णांक हवा’ अशी तक्रार करतो आणि तुलना सोडून देतो. प्रोग्रॅम मात्र थांबत नाही. शेलच्या लेखी ० म्हणजे आज्ञा यशस्वी आणि इतर कोणताही अंक म्हणजे अपयश. येथे २ मिळतो, म्हणून ‘नाहीतर’ची ओळ चालते. ‘मला कळले नाही’ आणि ‘नाही’ यांत त्याला फरकच वाटत नाही. तक्रारीची ओळ रात्री कोण वाचणार?

मग मुले पळवाटा शोधतात. आकडे शब्दांसारखे ताडले तर डावीकडून एकेक अक्षर पाहिले जाते. त्यामुळे ११५.५ मिलिमीटर पाऊस ६४.५ पेक्षा कमी ठरतो, कारण १ हा ६ च्या आधी येतो. दशांश भाग छाटून टाकला तर २४५.८० आणि २४५.५० सारखेच, म्हणजे ३० सेंटिमीटर पाणी हिशेबातून गेले.

मीटरचे सेंटिमीटर करणे हा उपाय मला सर्वांत आवडतो. २४५८० आणि २४५५० हे पूर्णांक शेल बिनचूक ताडतो. पण नुसता बिंदू पुसून भागत नाही. २४५.८ चे २४५८ झाले की नदी एकदम दहापट खाली! आधी शेवटी शून्य लावून दोन दशांश स्थळे पुरी करावी लागतात. ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठे म्हणणाऱ्या पाचवीतल्या मुलाला आपण हेच तर शिकवतो.

नाहीतर तुलना ‘ऑक’ किंवा ‘बीसी’ या प्रोग्रॅमकडे सोपवावी. त्यांना दशांश कळतात. बीसी ‘खरे’ असेल तर १ छापतो आणि ‘खोटे’ असेल तर ०. शेलचा संकेत याच्या नेमका उलटा, तेव्हा छापून आलेला अंक वाचून मगच निर्णय घ्यावा.