गाडीचा एसी : घरी गॅस भरण्यापूर्वी

मे महिन्याची सुट्टी, मुलांना घेऊन गावी निघालेली गाडी आणि अर्ध्या वाटेत एसीतून येऊ लागलेली गरम हवा! ‘गॅस संपला वाटतं,’ असे म्हणून अनेक जण बाजारातून गॅसचा छोटा डबा व नळी आणतात आणि घरीच भरायला घेतात. काम सोपे दिसते. पण चूक झाली तर शेकड्यांची बचत हजारोंच्या खर्चात जाते.

गॅस ‘संपत’ नाही

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो गॅस वर्षानुवर्षे फिरतो. तो बराच कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे असे समजावे. नळ्यांच्या जोडापाशी तेलकट डाग दिसतो का, ते पाहा. साबणाचा फेस लावल्यास मोठ्या गळतीपाशी बुडबुडे येतात. मात्र, गाडीखाली ठिबकणारे स्वच्छ पाणी पाहून घाबरू नका. ते हवेतल्या दमटपणाचे असते.

हवा कमी येत असेल, तर आधी फिल्टर साफ करा. रेडिएटरपुढचा कंडेन्सर धुळीने भरला असेल किंवा त्याचा पंखा बंद असेल, तरी गारवा कमी होतो.

कोणता गॅस?

बॉनेटखालच्या लेबलवर गॅसचे नाव आणि वजन लिहिलेले असते. जुन्या गाड्यांतला आर-१२ ओझोनच्या थराला घातक ठरल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर मागे पडला आणि आर-१३४ए आला. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो पेट घेऊ शकतो. एकात दुसरा गॅस मिसळू नये. हायब्रिड व इलेक्ट्रिक गाड्यांना तर घरी हातच लावू नये; त्यांचे कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतात आणि त्यांचे तेलही वेगळे असते.

भरताना सांभाळा

आर-१३४ए भरायचाच असेल, तर मोकळ्या जागेत, विस्तवापासून दूर भरा. मुलांना जवळ येऊ देऊ नका. चष्मा आणि हातमोजे हवेतच. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, त्यामुळे त्याचा फवारा डोळ्यांना व त्वचेला इजा करतो. नळी कमी दाबाच्या, म्हणजे जाड नळीवरच्या तोंडालाच लावा. जास्त दाबाच्या बाजूला जोडल्यास डबा फुटू शकतो. इंजिन व एसी चालू ठेवून, डबा उभा धरून थोडा थोडा गॅस सोडा. डबा तापवू नका.

खरी अडचण पुढेच आहे. आत किती गॅस उरला आहे, हे घरी कळत नाही. डब्यावरचा काटा फक्त दाब दाखवतो आणि तो उन्हानुसार बदलतो. गॅस जास्त झाला तर गारवा उलट कमी होतो आणि महागडा कॉम्प्रेसर निकामी होऊ शकतो. शिवाय गळतीवाटे आत शिरलेली हवा व ओल डब्याने निघत नाही.

म्हणून गॅरेजमध्ये तीन गोष्टी आवर्जून विचारा : गळती शोधली का? पंपाने व्हॅक्यूम केले का? गॅस लेबलप्रमाणे वजन करून भरला का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर दिलेले पैसे वाया जाणार नाहीत आणि पुढच्या सुट्टीत मुलांचा प्रवासही गारव्यात होईल.