कापसाचा किल्ला आणि गुलामाचे गाव

आमच्या कार्यालयातील सात जोडप्यांनी पाच वर्षे भिशी लावली. दर महिन्याला पैसे भरायचे, कुणी मध्येच उचलायचे नाहीत, आणि शेवटी सर्वांनी मिळून एक परदेश पाहायचा, असा ठराव होता. दोन वेळा ठराव मोडता मोडता राहिला. एकाच्या मुलीचे लग्न निघाले, एकाच्या घराचा हप्ता थकला. तरीही तो टिकला आणि आम्ही चौदा जण तुर्कस्तानला जाऊन आलो. त्या सहलीतील एकाच दिवसाविषयी मला या पानावर लिहायचे आहे, कारण त्या दिवशी जे पाहिले ते नुसते देखावा म्हणून विसरून जाण्यासारखे नाही.

पहाटे साडेचारला अंताल्या शहरातील हॉटेलच्या दारात बस आली. तेथून पामुक्काले जवळजवळ चार तासांच्या अंतरावर आहे. 'पामुक' म्हणजे कापूस आणि 'काले' म्हणजे किल्ला. देनिझली शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, सपाट शेतीच्या कडेला, जवळजवळ २०० मीटर उंचीचा एक पांढराशुभ्र कडा उभा आहे. लांबून पाहिले की पिंजलेला कापूस डोंगरावर वाळत घातला आहे असे वाटते. काहींना बर्फ वाटतो. जवळ गेल्यावर कळते की तो दगड आहे, आणि त्यावरून कोमट पाणी वाहते आहे.

हा दगड कसा तयार झाला, हे आमच्या गाइडने फार चांगले सांगितले. पावसाचे पाणी जमिनीत खोल मुरते, तेथे तापते, आणि मुरता मुरता चुनखडी विरघळवून घेते. जमिनीच्या भेगांतून ते वर येते तेव्हा त्यात कार्बन डायऑक्साइड वायू कोंडलेला असतो. सोड्याची बाटली उघडल्यावर वायू निघून जातो तसा येथेही निघून जातो, आणि वायू गेला की चुना पाण्यात राहू शकत नाही, तो खाली बसतो. आधी मऊ, खिरीसारखा, मग कडक. ज्यांच्या वस्तीत बोअरिंगचे पाणी येते त्या भगिनींना हे वेगळे समजावून सांगायला नको. हंड्याच्या तळाशी जो पांढरा थर धरतो आणि घासून निघत नाही, तोच हा प्रकार. फरक इतकाच की येथे निसर्गाने हजारो वर्षे हंडा घासलाच नाही! पाणी काठावरून पातळ होऊन सांडते तेथे वायू जास्त निघतो, म्हणून काठावर थर जास्त बसतो, काठ उंच होतो आणि आत पाणी साचते. अशा रीतीने परातीसारखी कुंडे एकाखाली एक तयार झाली आहेत. मुख्य झऱ्याचे पाणी सुमारे ३५ अंश, म्हणजे अंघोळीला काढलेल्या कोमट पाण्यासारखे.

पण कड्याकडे जाण्याआधी आमची बस एका दुकानापुढे थांबली. 'पंधरा मिनिटे', असे सांगितले होते. गालिचे, दगडी फुलदाण्या, चामड्याची जाकिटे. चहा फुकट, आणि दार मात्र लवकर उघडेना. एक तास दहा मिनिटे गेली. अशा सहलींत दुकानदाराकडून कमिशन मिळते हे सर्वांना ठाऊक असते. कुणाच्या पोटावर पाय द्यावा असे मलाही वाटत नाही. परंतु कारकुनी सवयीने मी छापील कार्यक्रमाचा कागद घडी घालून खिशात ठेवला होता. त्यावर अवशेष व कुंडे पाहण्यासाठी तीन तास लिहिले होते. बसमध्ये बसल्यावर गाइड म्हणाला, "दोन तास मिळतील, कारण एक वाजता जेवण ठरलेले आहे." मी कागद उघडून त्याच्यापुढे धरला. तो भला मुलगा होता, ओशाळला, पण हॉटेलवाल्याशी बांधलेला होता.

तेव्हा आमच्यातील एक ताई, मूळच्या सोलापूरच्या, मागच्या बाकावरून म्हणाल्या, "भाऊ, जेवण राहू द्या त्यांचं. माझ्याकडे दशम्या आहेत, शेंगाची चटणी आहे. उभ्या उभ्या खाऊ." सगळ्यांनी हात वर केले. जेवणाचे पैसे आधीच गेले होते, ते गेले. पण आम्हाला पुरते तीन तास मिळाले. पाच वर्षांच्या भिशीतून विकत घेतलेले तास दुकानात घालवायला आम्ही आलो नव्हतो.

कड्याच्या डोक्यावर हिएरापोलिस नावाच्या प्राचीन नगराचे अवशेष पसरले आहेत. पर्गाममच्या राजांनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात येथे स्नानाचे नगर वसवले. इ.स.पू. १३३ मध्ये तेथील शेवटच्या राजाने आपले राज्य मृत्युपत्राने रोमला देऊन टाकले, आणि नगर रोमन झाले. इ.स. ६० च्या भूकंपात ते कोसळले, पुन्हा बांधले गेले. आज जे उभे दिसते ते बहुतेक त्यानंतरचे. १९५७ पासून इटलीचे पुरातत्त्वज्ञ येथे उत्खनन करीत आहेत, आणि १९८८ मध्ये युनेस्कोने कडा व नगर दोन्ही मिळून जागतिक वारशाच्या यादीत घातले.

आम्ही उत्तरेच्या दाराने आत शिरलो. हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक लोक दक्षिणेच्या दाराने येऊन थेट पाण्याकडे धावतात आणि उत्तरेची बाजू राहून जाते. या बाजूला स्मशानभूमी आहे. बाराशेहून अधिक कबरी! दगडी पेट्या, घरासारख्या खोल्या, गोल ढिगारे. आजारी माणसे झऱ्यांच्या आशेने येत असतील आणि कित्येक येथेच राहत असतील, असा गाइडचा तर्क. पण मला त्या कबरींवरील लेखांनी थांबवले. राजे आणि सरदार यांचीच नावे असतील अशी आपली समजूत असते. येथे झ्यूक्सिस नावाच्या एका व्यापाऱ्याने कोरून ठेवले आहे की आपण मालेआचे धोकादायक भूशिर वळसा घालून ७२ वेळा इटलीला जलप्रवास केला. ग्लायकॉन नावाच्या एका माणसाने जांभळा रंग देणाऱ्या रंगाऱ्यांच्या संघटनेकडे आणि गालिचे विणणाऱ्यांच्या संघटनेकडे पैसे ठेवले. त्या रकमेतून दरवर्षी ठराविक सणांना आपल्या कबरीची आठवण राखावी, अशी त्याची इच्छा. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वी या गावात कामगारांच्या संघटना होत्या, त्यांच्याजवळ निधी होता, आणि लोक त्यांच्यावर विश्वास टाकून पैसे ठेवत होते. मी स्वतः पतपेढीचे हिशेब पाहिलेले असल्याने हा विश्वास किती अवघड असतो ते जाणतो.

हे रंगारी येथे का आले? पुन्हा पाणीच कारण. स्ट्रॅबो नावाच्या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवले आहे की हिएरापोलिसचे पाणी लोकर रंगवायला विलक्षण चांगले. झाडाच्या मुळांपासून काढलेला रंगसुद्धा या पाण्यात महागड्या जांभळ्याची बरोबरी करतो. लोकर धुणारे, रंगवणारे, विणणारे अशी सारी साखळी या झऱ्यांवर उभी होती. श्रीमंत येथे अंग शेकायला येत, आणि त्याच पाण्यात कुणाचे तरी हात दिवसभर रंगात बुडालेले असत.

याच भागात अम्मियानोस नावाच्या एका गिरणीवाल्याची दगडी शवपेटी सापडली. तिच्यावर एक यंत्र कोरलेले आहे. पाण्याच्या जोरावर फिरणारे मोठे चाक, त्याला जोडलेली दाती, आणि त्यांच्याद्वारे मागेपुढे होणाऱ्या दोन करवती दगड कापीत आहेत. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील हे चित्र. चाकाची गोल गती दांड्याने सरळ गतीत बदलण्याची युक्ती दाखवणारा जगातील सर्वांत जुना ज्ञात पुरावा म्हणून आज अभ्यासक त्याकडे पाहतात. रेल्वेच्या कारखान्यात फिटर असलेले आमचे एक मित्र त्या चित्राचा फोटो मोबाइलवर मोठा करून किती वेळ पाहत बसले होते! माणसाने आपल्या कबरीवर देवाऐवजी आपले यंत्र कोरून घ्यावे, याचे मला फार कौतुक वाटले.

देवांचे प्रकरण पुढे आहे. नगराच्या मध्यावर अपोलोच्या देवळाशेजारी प्लुटोनिऑन आहे, म्हणजे पाताळाच्या देवाचे दार. तेथील एका लहानशा भुयारातून विषारी वाफ येई. गाल्ली नावाचे नपुंसक पुजारी बैल घेऊन आत जात. बैल तडफडून मरे, पुजारी मात्र जिवंत बाहेर येत. भोवती पायऱ्यांवर लोक बसून हा चमत्कार पाहत. स्ट्रॅबोने स्वतः चिमण्या आत सोडून पाहिल्या, त्या तत्काळ मेल्या. आत गेलेले पुजारी होता होईल तितका श्वास कोंडून धरतात, हेही त्याने नोंदवले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने नमस्कार करण्याऐवजी चिमणी सोडून पाहिली, हे लक्षात घ्यावे.

उत्खननात ही जागा सापडल्याचे इटालियन पथकाने २०१३ मध्ये जाहीर केले. काम चालू असतानाही तेथे जवळ आलेले पक्षी मरून पडत होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने गुपित उघड केले. जमिनीतून येणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असतो, म्हणून तो जमिनीलगत तळ्यासारखा साचतो. रात्री वारा व ऊन नसल्याने पहाटे तो सर्वांत दाट असतो, दिवसा विरतो. बैलाचे नाक खाली, त्या तळ्यात. पुजाऱ्याचे तोंड वर, मोकळ्या हवेत. एवढाच चमत्कार! कड्यावर जो वायू शुभ्र दगड घडवतो, तोच वायू भुयारात पुजाऱ्यांची पोटे भरीत होता. भुयाराचे तोंड आता बंद आहे, आत कुणाला जाऊ देत नाहीत.

नाट्यगृहाच्या पायऱ्या आम्ही धापा टाकीत चढलो. दहा हजारांहून अधिक माणसे बसतील एवढे ते मोठे आहे. रंगमंचामागची कोरीव भिंत सुरेख. तेथे बसून मी गाइडला विचारले, "एपिक्टेटस इथलाच ना?" तो हसून म्हणाला की इतक्या वर्षांत हा प्रश्न दोनचार जणांनीच विचारला असेल. आमच्या वाटेवर त्याच्या नावाचा एखादाही फलक मला दिसला नाही.

एपिक्टेटस इ.स. ५० च्या सुमारास या गावात गुलाम म्हणून जन्मला. त्याच्या नावाचा अर्थच 'मिळवलेला' असा होतो. आईवडिलांनी प्रेमाने ठेवलेले नाव असे नसते. तो मालमत्तेचा शिक्का आहे. रोममध्ये त्याचा मालक नीरो बादशहाच्या दरबारातील माणूस होता, आणि तो स्वतःही पूर्वीचा गुलामच! एपिक्टेटस पायाने लंगडा होता. गुलाम असतानाच त्याला मुसोनिअस रुफस या तत्त्ववेत्त्याकडे शिकायला मिळाले. पुढे तो मुक्त झाला, शिकवू लागला. डोमिशियन बादशहाने तत्त्ववेत्त्यांना रोममधून हाकलले तेव्हा तो ग्रीसमध्ये निकोपोलिस येथे गेला व तेथे त्याने शाळा काढली. त्याने स्वतः एक ओळही लिहिली नाही. आरियन या विद्यार्थ्याने वर्गात बसून जे टिपून घेतले तेच आज आपल्याला मिळते. आणि पुढच्या शतकात मार्कस ऑरेलिअस हा रोमचा बादशहा या गुलामाचे विचार वाचून स्वतःला घडवीत होता.  विकत घेतलेल्या त्या पोराचे म्हणणे अजून जगभर छापले जाते.

मग पाण्याकडे वळलो. जुने तळे म्हणून एक जागा आहे, तेथे कोमट पाण्यात भूकंपाने कोसळलेले संगमरवरी खांब पडले आहेत आणि लोक त्यांच्यामधून पोहतात. वेगळे पैसे पडतात. क्लिओपात्रा येथे न्हाली असे सांगितले जाते, त्याला इतिहासाचा आधार नाही. आमच्यातील दोघेच उतरले.

पांढऱ्या कड्यावर चपला-बूट काढूनच जावे लागते. दगड काही ठिकाणी गुळगुळीत, काही ठिकाणी वहाणेखालच्या खड्यांसारखा टोचरा. पत्नी म्हणाली, "अहो, हात धरा, नाहीतर मी खालच्या गावात पोहोचेन." जगभरची माणसे तेथे हातात चपला घेऊन सांभाळून चालत होती. काही कुंडे मात्र कोरडी दिसली. एकेकाळी या अवशेषांच्या अगदी कडेला हॉटेले बांधली होती, झऱ्याचे पाणी त्यांच्या पोहण्याच्या तलावांत जाई, उतारावरून मोटारीचा रस्ता काढला होता, आणि कडा काळवंडू लागला होता. १९९० च्या दशकात ती हॉटेले पाडण्याचे काम झाले, रस्ता बंद करून त्या जागी माणसांनी कुंडे बांधली. पर्यटक ज्या वाटेने चालतात तो भाग यातलाच. आता पाणी आळीपाळीने सोडतात, म्हणजे सर्व भागावर थर बसावा आणि शेवाळ धरू नये. म्हणून एखादा भाग कोरडा दिसला तर फसवणूक झाली असे समजू नये.

परतताना देनिझलीत बस दहा मिनिटे थांबली. ते शहर टॉवेल आणि चादरींच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. सोलापूरच्या ताईंनी एक टॉवेल हातात घेतला, उलटा केला, धागा ओढून पाहिला. त्यांचे वडील मागावर होते. "चांगला आहे," त्या म्हणाल्या, "पण कडेचं काम आपल्याकडचं बरं." आणि दोन विकत घेतले.

कुणी जाणार असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कार्यक्रमाचा छापील कागद मागून घ्यावा व अवशेषांसाठी किती तास ते आधी विचारावे. उत्तरेच्या दाराने आत जाणारी सहल निवडावी. चपला ठेवायला पिशवी आणि डोक्याला टोपी न्यावी, कारण दुपारी त्या पांढऱ्या दगडावरून ऊन डोळ्यांत येते. रात्री नऊला आम्ही हॉटेलवर पोहोचलो. दशम्या संपल्या होत्या, चटणी थोडी उरली होती. ती गाइडला दिली. त्याने बोटाने चाखली आणि पाणी मागितले.